साखर कारखान्यांच्या अध्यक्ष-संचालकांना खुले पत्र : या हंगामात ऊसतोड बायकांची एक तपासणी करा

प्रति,
मा. अध्यक्ष व संचालक मंडळ,
सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील सर्व सहकारी व खाजगी साखर कारखाने

स. न. वि. वि.

बॉयलर पेटायला आता फार दिवस उरलेले नाहीत. तोडणी-वाहतुकीचे करार झाले असतील, मजूर आणणाऱ्या मुकादमांपर्यंत उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, पोचली असेल. दिवाळी झाली की बीडकडून, पाथर्डीकडून आणि आपल्याच जत, माण, खटावमधून टोळ्या येतील, कृष्णाकाठच्या मोकळ्या रानांत त्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहतील आणि मार्चपर्यंत, काही ठिकाणी त्याच्याही पुढं, हजारो बायका तुमच्या कार्यक्षेत्रात मुक्कामाला असतील. या मुदतीत तीस वर्षांवरच्या प्रत्येक ऊसतोड बाईची गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी एचपीव्ही तपासणी, म्हणजे तो कॅन्सर ज्या विषाणूमुळं होतो त्याची तपासणी, कारखान्याच्या खर्चानं करावी, एवढी मागणी करायला हे पत्र आहे.

मी कृष्णाकाठच्या एका कारखान्याची सभासद. नोकरी सगळी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात गेली. हा विषय मी यंदाच्या वार्षिक सभेत ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ या सदरात मांडला. परवानगी मिळाली, पण तोवर निम्मा मंडप जेवणाकडं वळला होता आणि उरलेल्यांनी सवयीनं ‘मंजूर, मंजूर’ ओरडून माझं वाक्य पुरं व्हायच्या आतच तो मंजूर करून टाकला. नेमकं काय मंजूर झालं, हे कुणाला विचारावं ते कळेना. म्हणून लिहून पाठवते आहे, आणि एकाच कारखान्याला न पाठवता सगळ्यांना.

आधी विषाणूचं सांगते, कारण पुढची सगळी मागणी त्याच्यावर उभी आहे.

विषाणूमुळं कॅन्सर होऊ शकतो, हे १९११ साली अमेरिकेत पेटन राउस यांनी कोंबड्यांवर दाखवलं. पेशी पूर्णपणे गाळून काढलेला गाठीचा अर्क दुसऱ्या कोंबडीला टोचला, तर तिलाही गाठ येत होती. त्यांना नोबेल मिळालं १९६६ साली, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी. मधली कित्येक वर्षं कोंबडीचं माणसाला कशाला लावता, असंच बहुतेकांचं म्हणणं होतं. मग १९६४ मध्ये आफ्रिकेतल्या मुलांच्या जबड्याच्या गाठीत एपस्टाईन-बार विषाणू दिसला. पाठोपाठ हिपॅटायटिस बी आणि यकृताच्या कॅन्सरचं नातं उलगडलं.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरबाबत मात्र सगळे चुकीच्या वाटेवर होते. सत्तरच्या दशकात संशय होता तो नागिणीच्या कुळातल्या हर्पिस विषाणूवर. हॅराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञानं रुग्णांच्या गाठींत हर्पिसचा डीएनए शोधला, तो सापडेना. जगभरचे तज्ज्ञ हर्पिसच्या मागं असताना त्यांनी नजर वळवली चामखिळीच्या विषाणूकडं, म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरसकडं, एचपीव्हीकडं. अडचण अशी की एचपीव्ही हा एकच विषाणू नाही, त्याचे शंभरावर प्रकार आहेत. हातापायाच्या चामखिळीतला प्रकार गर्भाशयमुखात सापडणार नव्हताच. एकेक प्रकार वेगळा करत, ताडून बघत वर्षं गेली. १९८३ मध्ये त्यांच्या गटाला गाठींत सोळा नंबरचा प्रकार सापडला, १९८४ मध्ये अठरा नंबरचा. जगभरच्या या कॅन्सरपैकी सुमारे सत्तर टक्के या दोघांमुळं होतात. १९५१ साली बाल्टिमोरमध्ये हेन्रिएटा लॅक्स या बाईच्या गाठीतून घेतलेल्या पेशी आजही जगातल्या प्रयोगशाळांत वाढवल्या जातात; त्यांच्यातही हाच अठरा नंबर निघाला. त्सुर हाउझेन यांना २००८ चं नोबेल मिळालं. २०२३ मध्ये ते गेले.

हा विषाणू पेशीत करतो काय, तेही थोडक्यात सांगते. वर्गातली सवय जात नाही. आपल्या पेशीत बेफाम वाढीला आवर घालणारी काही प्रथिनं असतात. एचपीव्हीचं ई-सिक्स हे प्रथिन त्यातल्या पी-५३ ची विल्हेवाट लावतं आणि ई-सेव्हन आरबी नावाच्या दुसऱ्याला बांधून ठेवतं. पण हे लागण झाल्या-झाल्या होत नाही. लागण अगदी सर्रास होते आणि बहुतेक जणींचं शरीर वर्ष-दोन वर्षांत तिला परतवून लावतं. ज्या थोड्या जणींत विषाणू ठाण मांडून बसतो, त्यांच्यात पेशी हळूहळू बिघडत जातात आणि त्याचा कॅन्सर व्हायला साधारण पंधरा-वीस वर्षं लागतात. ही वर्षं आपल्या हातात असतात. बिघडलेल्या पेशी या काळात सापडल्या तर बाह्यरुग्ण विभागात, काही मिनिटांत, उष्णतेनं किंवा थंडीनं नष्ट करता येतात. बाई त्याच दिवशी चालत घरी जाते.

आणि तरी भारतात दर वर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कॅन्सर होतो आणि पंचाहत्तर हजारांहून जास्त जणी त्यानं मरतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी ज्यांची कधीकाळी एकदा तरी ही तपासणी झाली होती, त्या होत्या १.९ टक्के. शंभरात धड दोघीही नाहीत.

यावर ‘हे संशोधन जर्मनीतलं, आपल्याकडं काय उपयोग’ असं कुणी म्हणेल, तर त्यांना मी उस्मानाबादला नेईन. आताचं धाराशिव. १९९९ पासून त्या जिल्ह्यातल्या तीस ते एकोणसाठ वयाच्या एक लाख एकतीस हजारांहून अधिक बायकांवर एक अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी तो मिळून केला. त्याचे प्रमुख होते डॉ. रंगास्वामी शंकरनारायणन. गावांचे चार गट पाडले. एका गटातल्या बायकांची एचपीव्ही तपासणी झाली, दुसऱ्यातल्यांचा पॅप स्मिअर घेतला, म्हणजे गर्भाशयमुखावरच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या, तिसऱ्यात व्हिनेगरसारखं पातळ ॲसेटिक ॲसिड लावून डोळ्यांनी बघितलं. आयुष्यात एकदाच. चौथ्या गटात नेहमीचीच आरोग्यसेवा राहिली. आठ वर्षांनी निकाल आला, तो २००९ मध्ये छापला गेला : चौथ्या गटात या कॅन्सरनं ६४ बायका दगावल्या होत्या, एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४. बाकीच्या दोन पद्धतींनी मृत्यूंत ठोस फरक पडला नव्हता. एकाच तपासणीनं मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे जगाला पहिल्यांदा कळलं ते मराठवाड्यातल्या कोरडवाहू गावांतून.

या अभ्यासावर पुढं वादही झाला, तो लपवायचं कारण नाही. चौथ्या गटातल्या बायकांना तपासणीविना ठेवणं नीतीला धरून होतं का, असा प्रश्न देशात आणि परदेशात विचारला गेला. माझं मत विचाराल तर तो प्रश्न रास्त आहे. त्या बायकांचं देणं फिटायचं असेल तर त्यांच्यामुळं सिद्ध झालेली गोष्ट निदान त्यांच्या लेकीसुनांपर्यंत पोचायला हवी. आणि उस्मानाबादच्या शिवेला लागून बीड आहे. तुमच्या फडात मोळ्या बांधणाऱ्या बायका त्याच पट्ट्यातल्या आहेत.

आता पिशवीचं, म्हणजे गर्भाशयाचं, बोलते.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये राज्यभर गाजलं, विधिमंडळात आलं, चौकशी समिती नेमली गेली. सुमारे ८२ हजार बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. म्हणजे सहाजणींत एक. देशभरात पंधरा ते एकोणपन्नास वयोगटात हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. खाडा पडला की पैसे कापले जातात, म्हणून पाळीची कटकटच नको, हे कारण पेपरांत खूप आलं आणि ते खोटं नाही. पण त्याच्या जोडीला दुसरं एक वाक्य होतं, ते माझ्यासारखीच्या कानाला जास्त खुपतं : ‘पिशवी काढ, नाहीतर कॅन्सर होईल.’ अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय, एवढ्या तक्रारीवर, बहुतेक वेळा गोळ्यांनी बरं होणाऱ्या साध्या जंतुसंसर्गावर, कॅन्सरची भीती घालून ऑपरेशन. तीस-पस्तिशीतच. काही जणींचे अंडाशयही गेले आणि ऐन उमेदीत पाळी जाऊन हाडं कमकुवत झाली.

ज्या रोगाचं कारण माहीत आहे, ते कारण अंगात आहे की नाही हे तपासता येतं, त्या रोगाच्या नावानं भीती घालून धंदा होतो, याची मला एक शिक्षक म्हणून चीड येते. तपासणीचा कागद हातात असता तर ‘बाई, तुला विषाणूच नाही, पुढची पाच-दहा वर्षं या कॅन्सरची काळजी करू नकोस’ असं तिला कुणीतरी सांगू शकलं असतं. (ज्यांची पिशवी तोंडासकट, म्हणजे गर्भाशयमुखासकट, काढली आहे, त्यांना ही तपासणी लागत नाही. काहींचं मात्र तोंड ठेवलेलं असतं, त्यांना लागते. कुणाचं काय काढलं हे त्या बायकांनाच सांगितलेलं नसतं, ही आणखी एक तऱ्हा.)

तुम्ही विचाराल, हे कारखान्यानंच का करायचं? प्राथमिक आरोग्य केंद्रात तिशीनंतर तपासणीची सोय कागदावर आहेच. आहे. पण त्या केंद्राच्या यादीत नाव असतं गावात राहणाऱ्या बाईचं. ही बाई सहा महिने गावात नसते आणि इथल्या केंद्राच्या लेखी ती इथली नसते. आशाताई गावातली घरं फिरते, कोप्यांपर्यंत गेली तर ती तिची भलाई. डोळ्यांनी बघायची ॲसेटिक ॲसिडची तपासणी स्वस्त आहे, पण एकदा करून भागत नाही. मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या गटानं दीड लाख बायकांवर ती करून दाखवली, मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पण त्यासाठी दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या घ्याव्या लागल्या. यंदा एका कारखान्याला, पुढच्या वर्षी कर्नाटकात, अशी फिरणारी बाई चार फेऱ्यांना सापडणार कुठं? जी एकदाच भेटणार आहे, तिला एकदाच करून पुरेल अशी तपासणी हवी. ती एचपीव्हीची.

शिवाय ती करायला डॉक्टरच्या टेबलावर झोपावं लागत नाही. बाई स्वतःचा नमुना स्वतः घेऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेनं ही पद्धत मान्य केलेली आहे. मऊ ब्रश किंवा कापसाचा बोळा असलेली काडी, कोपीत पडदा ओढून दोन मिनिटांचं काम. परपुरुषापुढं अंग उघडं करायचं नाही म्हटल्यावर नकाराची निम्मी कारणं गळून पडतात. यंत्राचंही अडायला नको : क्षयरोग आणि कोविडच्या निमित्तानं सरकारी केंद्रांत आलेल्या ट्रूनॅट यंत्रांवर एचपीव्हीची चिपही चालते. मिरजेत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, कॅन्सरचं रुग्णालय आहे, कराडला कृष्णा हॉस्पिटल आहे. ज्या मिरजेत उपचारासाठी कर्नाटकापासून माणसं येतात, तिथून हाकेच्या अंतरावर ऊस तोडणारी बाई तपासणीविना परत जाते.

खर्चाचं बोलू. कारखाना दहा लाख टन गाळत असेल तर टनामागं एक रुपया म्हणजे दहा लाख. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनामागं दहा रुपये ठरलेले आहेतच. त्यातून या कामाला निधी द्या, असा ठराव तुम्ही सगळ्यांनी मिळून पाठवलात तर त्याला वजन येईल. आणि विषाणूची तपासणी तुम्हाला नवीन नाही. ऊतिसंवर्धित बेणं आणताना ते मोझॅक आणि पिवळ्या पानाच्या विषाणूपासून मुक्त असल्याची खात्री तुमचं शेती खातं करून घेतं. पैसे मोजून. उसाला जे मिळतं ते ऊस तोडणारीला मिळावं, यात मला काही जगावेगळं वाटत नाही.

अवघड भाग वेगळाच आहे. ऊसतोडीच्या सगळ्या व्यवहारात प्रत्येक गोष्ट मुकादमाच्या हातून जाते : उचल, हिशोब, दवाखान्याला जायची परवानगीसुद्धा. तपासणीचा निकाल तसा जाता कामा नये. एचपीव्ही लैंगिक संबंधातून पसरतो. ‘हिच्यात विषाणू निघाला’ ही बातमी टोळीत फुटली तर लोक त्यातून चारित्र्याचा निकाल लावतील, आणि तो बाईचाच लावतील. खरं म्हणजे संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी याची लागण होते. ती दहा वर्षांपूर्वीची असू शकते, नवऱ्याकडून आलेली असू शकते, कुठून आली हे सांगणारी कुठलीही तपासणी नाही. पुरुषांनाही या विषाणूमुळं घशाचा आणि लिंगाचा कॅन्सर होतो. म्हणून निकाल एका बाईनं त्या बाईला एकटीला सांगायचा. निगेटिव्ह आलेल्यांनाही तसाच, कोपीत जाऊन, म्हणजे कुणाला बोलावलं यावरून तर्क होणार नाहीत. मुकादमाला आणि कारखान्याच्या चिठबॉयला (तोडणीच्या चिठ्ठ्या देणाऱ्याला) यादी मिळता कामा नये. आणि तपासणीच्या कागदावर तिची सही किंवा अंगठा समजून-उमजून घेतलेला हवा; साहेब म्हणतात म्हणून टोळीनं रांगेत उभं राहणं ही संमती नव्हे. नको म्हणणारीचं नको मानायचं.

पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नाही, हे तर पन्नास वेळा सांगावं लागेल. उस्मानाबादला शंभरातल्या दहाजणींत विषाणू निघाला होता, आणि त्यातल्याही बहुतेकींच्या पेशी ठीक होत्या. या दहाजणींना नीट बघणं, लागेल तिला उपचार करणं, एवढंच काम उरतं. पण ते हंगाम संपायच्या आत झालं पाहिजे. नमुने नोव्हेंबरात घेतले तर डिसेंबरात निकाल आणि जानेवारीपर्यंत उपचार होतात. फेब्रुवारीच्या शेवटी शिबिराचा फलक लावून, फोटो काढून, मार्चमध्ये पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, निकाल येणार असेल तर कृपा करून तपासणी करूच नका. निकाल माहीत आणि बाई गायब, याच्याइतकं वाईट काही नाही. ज्या दिवशी मिरजेला किंवा कराडला जायचं, त्या दिवसाचा खाडा धरायचा नाही आणि कोयत्याची दिवसाची मजुरी द्यायची, हेही आधीच ठरलेलं हवं. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एक गेलं की दुसऱ्याचंही काम थांबतं.

लेकरांचं थोडक्यात. कोपीत किंवा वाटेत जन्मलेल्या बाळाला हिपॅटायटिस बीची पहिली लस चोवीस तासांत मिळायला हवी, कारण आईकडून बाळाला झालेली लागण बहुतेक वेळा जन्मभर राहते आणि पुढं यकृताच्या कॅन्सरपर्यंत जाऊ शकते. गरोदर बायकांची यादी हंगामाच्या सुरुवातीलाच आरोग्य केंद्राला दिली की हे साधतं. साखरशाळेतल्या, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या शाळेतल्या, नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना एचपीव्हीची लस हवी. ती आता आपल्या पुण्यातच बनते. गावात लसीकरण झालं तेव्हा ही मुलगी इथं होती आणि इथं झालं तेव्हा तिचं नाव गावाच्या यादीत होतं, असं होऊ देऊ नका. तिच्या आईला मात्र ही लस फारशी उपयोगाची नाही. लागण होण्याआधी घेतली तरच ती खरी काम करते. आईसाठी तपासणीच.

शेवटचा मुद्दा सगळ्यात कठीण आहे आणि तो टाळून बाकीचं करता येणार नाही. हजारो बायका तपासल्या तर एखाद-दुसरीत खरोखर कॅन्सर निघेल. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचाराचा खर्च निघू शकतो, पण रेशनकार्ड गावाकडच्या घरात असतं, ते कुणीतरी मागवून घ्यावं लागेल. किरणोपचार असतील तर ते कित्येक आठवडे चालतात. आणि जोडप्याच्या डोक्यावर उचल असते, जिचा ऊस अजून तोडून व्हायचा असतो. बायको दवाखान्यात गेली की मुकादम नवऱ्याला विचारणार, उचल कोण फेडणार? तिथंच उपचार थांबतो; बाई दुखणं अंगावर काढून पुन्हा फडात उभी राहते. तेव्हा तपासणीच्या ठरावातच एक ओळ लिहून ठेवा, की कॅन्सरचं निदान झालेल्या बाईच्या कोयत्याची त्या हंगामातली शिल्लक उचल कारखाना सोसेल आणि मुकादम ती पुढच्या वर्षावर ओढणार नाही. ही ओळ मुकादमांच्या करारात घालायला अजून वेळ आहे. आरोग्यसेविकांना नमुन्याचं आणि निकाल सांगण्याचं शिकवायला मी कुठल्याही गट ऑफिसवर येईन, मानधन नको.

आपली,
एक महिला सभासद
(सूक्ष्मजीवशास्त्राची निवृत्त प्राध्यापक), जि. सांगली